टाकी-हौद सफाईचं काम एकट्याने करावं की जोडीने?

लातुरात घरोघरी जाऊन टाक्या आणि हौद धुण्याचं काम सुरू करताय, तर एकटं राहावं की जोडीदार घ्यावा, असं विचारलंय तुम्ही. मी नांदेडला हेच काम करतो. गच्चीवरची टाकी खुशाल एकट्याने धुवा. हौदात मात्र एकट्याने उतरू नका, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे.

बंद हौदात हवा कोंडलेली असते. बोअरच्या पाण्याचे क्षार निघावेत म्हणून कुणी ॲसिड ओततं, वरून ब्लीचिंग पावडर टाकतं. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळं तुम्ही वाकून घासत असता तिथंच तळाला साचतो. डोळ्यांपुढं अंधारी आल्यावर शिडी चढणं होत नाही.

म्हणून दोन्ही झाकणं आधीच उघडून हवा खेळू द्यायची. जोडीदाराने आत घासायला यायचं नाही. त्याने तोंडापाशी बसायचं, तुमच्या अंगातल्या पट्ट्याचा दोर धरायचा, सतत बोलत राहायचं. मोटरचा प्लग काढून ठेवायचा आणि त्यावर त्याचीच नजर हवी, कारण घरातलं कुणीतरी सवयीनं बटण दाबतं आणि वायर सोललेली असली तर पाण्यात उभ्या माणसाला शॉक बसतो. बरंवाईट झालंच तर बाहेरूनच ओढायचं. एकाला काढायला दुसरा उतरला की दोघंही जातात. बेशुद्ध माणूस नुसत्या हातांनी उचलत नाही, वर कप्पी लावा. (सेप्टिक टँकचं काम घेऊच नका. सुरक्षेच्या साधनांशिवाय त्यात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.)

रोजचा दुसरा माणूस परवडत नाही, हे खरंय. मग एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करतात तसं करा. तुमच्यासारखाच एकटा काम करणारा गाठा. त्याच्या हौदाला तुम्ही, तुमच्या हौदाला तो. गच्चीवरच्या टाक्या ज्याच्या त्याने.

लातुरात याचा आणखी एक फायदा. नळाला रोज पाणी नसतं, म्हणून हौद तळाला गेला की नळ यायच्या आदल्या दिवशीच लोक बोलावतात, एकाच गल्लीतून तीन-चार फोन. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव ते, शिल्लक पाणी नालीत सोडलेलं कुणालाच खपत नाही. आधी वरचं निवळ पाणी पिंपात काढावं लागतं, ते दोघांत लवकर उरकतं.

हौदाचा भाव पहिल्यापासून दोन माणसांचाच सांगा.