स्प्रिंगचा खर्ज आणि व्हायोलावरचं मेटल

प्रश्न : २७ मिलिमीटरची पिझो चकती (कंपनांची वीज करणारी) पत्र्याच्या डब्याला चिकटवली, डब्याला लांब स्प्रिंग बांधली आणि वायर ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात घेणाऱ्या यंत्राच्या) लाइन इनपुटला जोडली. आवाज येतो, पण चिरका. खर्ज नाहीच. चकती खराब आहे का?

उत्तर : चकती चांगली आहे, जोडणी चुकली आहे. पिझो चकती हा विजेच्या दृष्टीने एक कपॅसिटर असतो, या आकारात साधारण २० नॅनोफॅरॅडचा. लाइन इनपुटचा रोध १० किलोओहमच्या आसपास असतो. या दोघांची गाठ पडली की सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळत जातं, आणि स्प्रिंगची खरी मजा तर तिथेच आहे. तीच वायर गिटारसाठीच्या ‘हाय-झेड’ सॉकेटात घाला. तिथे रोध साधारण १ मेगाओहम असतो, म्हणून गळती ८ हर्ट्झच्या खाली जाते. तसं सॉकेट नसेल तर मध्ये जेफेट बफर, म्हणजे जास्त रोधाचं इनपुट देणारं छोटं सर्किट, लावा. माइकच्या इनपुटला मात्र जोडू नका, तिथला रोध आणखी कमी असतो.

घरघरही येत असणार. शील्डेड वायर घ्या, तीही मीटरभरच. वायरची जाळी चकतीच्या पितळेला, मधली तार वरच्या पांढऱ्या सिरॅमिकला. सिरॅमिकवर सोल्डर करताना टोक दोन सेकंदांहून जास्त टेकवू नका. वरचा चांदीचा थर उचलला गेला की चकती कामातून गेली. फोमची टेप वरचे सूर खाते, त्यापेक्षा पातळ टेप किंवा इपॉक्सी बरं.

प्रश्न : व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो एवढ्यावर एक हेवी मेटल गाणं बसवतोय. स्वर बरोबर आहेत, तरी रिफ (पुन्हापुन्हा येणारा तुकडा) पोकळ वाटतो.

उत्तर : कारण तुम्ही फक्त लिहिलेले स्वर वाजवताय. गिटारवर सा आणि प एकत्र छेडून डिस्टॉर्शन दिलं की त्या दोन स्वरांच्या फरकातून तिसरा स्वर जन्मतो. गिटारच्या खालच्या ई ला सा धरला तर सा ८२ हर्ट्झ, प १२३ हर्ट्झ, तर हा तिसरा ४१ वर, म्हणजे मंद्र सा. तुमच्याकडे तो आपोआप येत नाही, वाजवावा लागतो. पण चेलोची सगळ्यात खालची तार ६५ हर्ट्झची, ४१ तिच्या आवाक्याबाहेर. म्हणून गाणं ई वरून ८ सेमीटोन वर, सी मध्ये न्या. मग व्हायोलाच्या मोकळ्या सी आणि जी तारा म्हणजे तयार सा-प, आणि चेलोची मोकळी सी म्हणजे तो हरवलेला मंद्र. तारा पंचमातच लावलेल्या असतात, त्यामुळे पुढचे कॉर्ड एकाच बोटाने दोन्ही तारा दाबून मिळतात. चाल व्हायोलिनकडे द्या.

खरखर हवी तर गज घोडीच्या अगदी जवळ चालवा, दाबून. अपोकॅलिप्टिका या फिनिश बँडने १९९६ मध्ये मेटालिकाची गाणी वाजवली ती चार चेलोंवर. तुमच्याकडे एक जण कमी आहे, तेव्हा जागा रिकामी राहिली तर राहू द्या, भरायला धावू नका.

प्रश्न : मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर लावून तिच्यासोबत कीबोर्ड वाजवतो. सूर जुळतच नाही.

उत्तर : वेग १.३५ पट होतो, म्हणजे सूर ५ सेमीटोन आणि वर सुमारे २० सेंट (सेमीटोनचे शंभर भाग म्हणजे सेंट) चढतो. ते २० सेंटच कानाला टोचतात. टर्नटेबलचा पिच उणे १.१ टक्क्यावर आणा आणि कीबोर्ड ५ सेमीटोन वर ट्रान्सपोज करा.