नोकरी आणि कागदपत्रं : ‘ग्रीन कार्डच दाखव’ असं म्हणू नका, दादा

प्रश्न : ताई, नमस्कार. न्यू जर्सीत एडिसनला आमचं किराणा आणि फरसाणाचं छोटं दुकान आहे, सहा माणसं कामाला. मागच्या सोमवारी काउंटरला एक मुलगा घेतला, ग्रीन कार्ड आहे असं बोलता बोलता तोच म्हणाला, पण आय-९ (नोकरीला लागताना भरायचा, कामाची परवानगी तपासायचा फॉर्म) भरताना ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड पुढे केलं. माझा मेहुणा म्हणतो ग्रीन कार्ड बघितल्याशिवाय ठेवू नकोस, उद्या आयसवाले (इमिग्रेशनचे अधिकारी) आले तर? पॅकिंगला एक वहिनी आहेत एच-४ वर (नवरा एच-१ बी या नोकरीच्या व्हिसावर), त्यांचं ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, दोन महिन्यात संपतंय. आणि भाचा एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) एमएस करतो, शनिवार-रविवार मदतीला येतो, पगार नाही, जेवण आणि थोडा हातखर्च देतो. कुणाचं काय बघायचं? — एक दुकानदार, एडिसन

उत्तर : दादा, आधी त्या मुलाचं बघू, कारण तिथे तुम्ही चुकायच्या बेतात आहात. आय-९ च्या मागे तीन याद्या असतात. ए यादीतला एकच कागद पुरतो, म्हणजे अमेरिकन पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ईएडी वगैरे, त्यात ओळख आणि कामाची परवानगी दोन्ही आलं. नाहीतर बी मधला एक आणि सी मधला एक, लायसन्सने ओळख पटते, सोशल कार्डाने परवानगी. यातलं काय दाखवायचं ते कामाला लागणारा ठरवतो, मालक नाही. फॉर्मच्या पहिल्या भागात त्याने ग्रीन कार्डवाला म्हणून खूण केली असली तरी ते कार्ड मागायचा तुम्हाला हक्क नाही. चार किंवा जास्त माणसं असली की असं मागणं हा भेदभाव धरतात आणि त्याची तक्रार थेट जस्टिस डिपार्टमेंटकडे जाते.

हे मी पोटतिडकीने लिहितेय कारण माझ्यावर हे आलंय. माझं ग्रीन कार्ड हरवलं होतं, लायसन्स आणि सोशल खणखणीत होतं, तरी एका ऑफिसने ग्रीन कार्डाचाच हट्ट धरला आणि मी तीन आठवडे बिनपगारी घरी बसले. तेव्हा मला नियम माहीत नव्हता, आणि त्या ऑफिसातल्या बाईंनाही बहुतेक नव्हता.

तुम्ही बघायचं ते एवढंच, की कागद ओरिजिनल आहे ना (फोनमधला फोटो नाही), मुदत संपलेली नाही ना, दिसायला खरा आणि त्याच माणसाचा वाटतो ना. सोशल कार्डावर मात्र नीट नजर टाका, ‘व्हॅलिड फॉर वर्क ओन्ली विथ डीएचएस ऑथरायझेशन’ (होमलँड सिक्युरिटीची परवानगी असेल तरच काम) अशी ओळ छापलेली असेल तर ते सी यादीत चालत नाही. मग त्याला यादी दाखवून यातलं दुसरं काही आण एवढंच म्हणायचं, अमुकच आण असं नाही. पहिला भाग त्याने पहिल्या दिवशीच भरायचा, दुसरा तुम्ही तीन कामाच्या दिवसांत, म्हणजे सोमवारी लागला तर गुरुवारपर्यंत. तो गुरुवार गेला असेल तर आज भरा आणि आजचीच तारीख घाला, मागची तारीख कधीच नको. फॉर्म कुठे पाठवायचा नसतो, तुमच्याकडेच ठेवायचा, नोकरी लागल्यापासून तीन वर्षं किंवा सोडल्यापासून एक वर्ष, जे नंतर येईल तोपर्यंत. तपासणीची नोटीस आली तर फॉर्म काढायला साधारण तीन कामाचे दिवस मिळतात, तेव्हा मेहुण्यांना सांगा की भीती ग्रीन कार्ड न बघितल्याची नाहीये, फॉर्मच न भरल्याची आहे. आणि हो, त्या मुलाचं ग्रीन कार्ड पुढे कधी एक्सपायर झालं तरी परत कागद मागायचे नाहीत.

वहिनींचं तसं नाही, ईएडीची तारीख संपली की फेरतपासणी करावीच लागते, फॉर्मच्या सप्लिमेंट बी मध्ये. रिन्यूचा अर्ज १८० दिवस आधीपासून भरता येतो, त्यांनी भरलाय का आजच विचारा. पूर्वी वेळेत अर्ज भरला की नुसत्या पावतीवर मुदत वाढायची, पण ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना ती आपोआप वाढ मिळत नाही. म्हणजे तारखेपर्यंत नवं कार्ड आलं नाही आणि परवानगीचा दुसरा कुठला कागदही नसला, तर त्यांना कामावर ठेवता येणार नाही. काढून टाकू नका हो, बिनपगारी रजा द्या, कार्ड आलं की परत घ्या.

भाच्याबद्दल लिहिताना जीवावर येतं, पण या शनिवारपासूनच त्याला बंद करा. ‘पगार देत नाही’ हे कामाचं नाही, जेवण आणि हातखर्च हाही मोबदलाच धरतात. एफ-१ वर कॅम्पसमधलं काम, तेही सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास, आणि बाहेर करायचं तर शिक्षणाशी संबंधित कामाची सीपीटी किंवा ओपीटी ही परवानगी, त्यात किराणा दुकान कसं बसणार? परवानगी नसताना काम केलं तर त्याचं स्टेटस जातं आणि पुढे एच-१ बी, ग्रीन कार्ड सगळीकडे ते आडवं येतं. तुम्ही मामा आहात, त्याला घरी जेवायला बोलवा, काउंटरवर उभं करू नका.

प्रश्न : मी एल-२ वर आहे (कंपनीने बदली करून आणलेल्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा), नवीन नोकरीत एचआर म्हणते ईएडी आण नाहीतर जॉइन करता येणार नाही. नवरा म्हणतो लागत नाही. कोण बरोबर? — एक वाचक, शिकागो

उत्तर : नवरा बरोबर. नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ वरच्या नवऱ्याला किंवा बायकोला वेगळं ईएडी लागत नाही. तुमच्या आय-९४ वर (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) ‘एल-२एस’ लिहिलंय का ते बघा, नुसतं एल-२ असेल तर चालायचं नाही. ते पान सी यादीत बसतं, जोडीला लायसन्स द्या, झालं. एच-४ वाल्या मैत्रिणींनी मात्र यावर जाऊ नका, तुम्हाला ईएडी लागतंच.

प्रश्न : माझी छोटी आयटी कंपनी आहे. एच-१ बी ट्रान्सफरचा अर्ज आम्ही भरलाय, अप्रूव्हल नाही, मुलगा रुजू होऊ शकतो का? — डॅलस

उत्तर : हो, तो आत्ता व्हॅलिड एच-१ बी वर असेल आणि तुमचा अर्ज पोचला असेल तर. त्याचा पासपोर्ट आणि आय-९४ एकत्र ए यादीत धरा, तुमच्या अर्जाची आय-७९७ पावती फॉर्मबरोबर ठेवा आणि अतिरिक्त माहितीच्या चौकटीत ‘एसी-२१’ (ही मुभा देणाऱ्या कायद्याचं नाव) आणि अर्ज पाठवल्याची तारीख लिहा, ही चौकट लोक हमखास रिकामी सोडतात. निकाल आला की फॉर्म परत काढून अपडेट करा, आणि नकार आला तर त्याला थांबवून त्याच दिवशी वकिलाला फोन करा.