मुलं धडाधड वाचतात, पण ‘का?’ विचारलं की गप्प: माझा अनुभव

तुम्ही लिहिलंय की दुसरीची मुलं उतारा न अडखळता वाचतात, ‘कोण’, ‘कुठे’, ‘केव्हा’ची उत्तरंही देतात, पण ‘का’ विचारलं की एकतर गप्प बसतात, नाहीतर उताऱ्यातली कुठलीतरी ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवतात. आणि वरून आग्रह असा की रोज नवा उतारा आणि त्याखाली दहा प्रश्न झालेच पाहिजेत. हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. याच चक्रात माझ्या एका वर्गाचं अख्खं वर्ष गेलंय.

अक्षरं, जोडाक्षरं, प्रकट वाचनाचा सराव यांवर काही लिहीत नाही, ते तुम्ही करतच असणार. एक आधीच सांगते, मी संशोधक नाही. पहिली ते तिसरीच्या वर्गांत शिकवते, तिथे जे पटलं ते सांगते. मोठ्या मुलांचं गणित वेगळं असू शकतं.

आमच्या कामावर देखरेख करणारं एक कार्यालय होतं. नाव घेत नाही. तिथून वाचनाचा एक तक्ता आला. त्यात मुलाचं नाव, उतारा क्रमांक, मिनिटाला किती शब्द वाचले आणि दहापैकी किती उत्तरं बरोबर, एवढे रकाने. दर आठवड्याला भरून पाठवायचा. खाली तळटीप होती की तोच उतारा पुन्हा घेतला तर ती पुनरावृत्ती, ती नोंदीत धरू नये. माझं सगळं भांडण त्या तळटिपेशी होतं. बारकाईने वाचणं म्हणजे मुळात तोच मजकूर पुन्हा वाचणं. पहिल्या वाचनात मुलाला फक्त काय घडलं ते कळतं. लेखकाने कसं सांगितलं, कुठला शब्द का वापरला, काय सांगायचं टाळलं, हे दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाशिवाय मोठ्या माणसालाही दिसत नाही. मी तसं लेखी कळवलं. उत्तर आलं, ‘नमुना सर्वांना सारखाच आहे.’ पुन्हा कळवलं, त्याला उत्तरच आलं नाही. पुढे एकदा पाहणीला माणूस आला, घड्याळ लावून मुलांना वाचायला लावलं आणि सर्वांत वेगाने वाचणाऱ्या मुलाला शाबासकी देऊन गेला. त्या मुलाने पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह सगळं एका श्वासात गिळलं होतं.

मुलं हुशार असतात, आपण काय मोजतो ते त्यांना चटकन कळतं. काही आठवड्यांतच वर्गाला एक युक्ती सापडली. प्रश्नातला एखादा शब्द उचलायचा, तो उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उतरवून काढायची. एक छोटा उतारा देते, मी अजूनही वापरते:

‘दार वाजलं. मीना धावत गेली. दारात फक्त पोस्टमन होता. तिने पत्र घेतलं आणि सावकाश परत आली.’

प्रश्न होता, ‘मीना सावकाश परत का आली?’ जवळजवळ सगळ्या वह्यांत उत्तर होतं, ‘मीनाने पत्र घेतलं आणि ती सावकाश परत आली.’ पूर्ण वाक्य, शुद्ध लेखन, सुवाच्य अक्षर. वरून आलेल्या निकषांप्रमाणे हे उत्तर बरोबर धरलं जात होतं, कारण ते उताऱ्यातलंच होतं आणि पूर्ण वाक्यात होतं. तक्त्यात आमचा वर्ग उत्तम दिसायचा आणि मीनाचं काय झालं ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

सगळ्यात जास्त लागलं ते एका मुलीचं. ती सावकाश वाचायची, ओळीवर बोट ठेवून, पण वाचलेलं तिच्या आत उतरायचं. गोष्ट ऐकताना असे प्रश्न विचारायची की मीही थांबून विचार करायचे. तक्त्यात ती कायम तळाशी. तिला ते समजलं आणि तिने हात वर करणं सोडून दिलं. पुढच्या वर्षी हळूहळू बोलायला लागली, पण तो काळ परत मिळत नाही. वेग मोजू नका असं मी म्हणत नाही. अडखळत वाचणाऱ्याचं सगळं लक्ष अक्षरांतच अडकतं, म्हणून ओघवतं वाचन हवंच. पण वेग म्हणजेच वाचन, असं सात वर्षांच्या मुलाच्या मनावर कोरणं हा अन्याय आहे, आणि तो कागदावर दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून पटलेली आहे. प्रश्न विचारणं म्हणजे शिकवणं नव्हे. डोलोरेस डर्किन या अमेरिकन अभ्यासिकेने 1970च्या दशकाच्या शेवटी चौथीच्या वर्गांतलं वाचन शिकवणं पाहिलं. 4,469 मिनिटांच्या निरीक्षणात अर्थ कसा लावायचा हे प्रत्यक्ष शिकवण्यात गेलेली मिनिटं होती फक्त 20. बराचसा वेळ प्रश्न विचारून उत्तरं तपासण्यात गेला होता. ‘दहा प्रश्न’वाल्यांना मी हे नेहमी सांगते. उतारा आणि दहा प्रश्न ही परीक्षा झाली. ज्याला जमतं त्याला जमतं, ज्याला जमत नाही त्याला दहादा कळतं की आपल्याला जमत नाही.

आता मी काय करते ते. तोच मीनाचा उतारा तीन दिवस चालतो. पहिल्या दिवशी मुलांच्या हातात कागद नसतो, मी वाचते. मग एवढंच विचारते, ‘काय झालं ते शेजाऱ्याला सांगा.’ दुसऱ्या दिवशी कागद आणि पेन्सिल. दोनच खुणा ठरलेल्या आहेत. कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, आणि ‘अरे!’ वाटलं तिथे ठिपका. यापेक्षा जास्त खुणा दिल्या की मुलं खुणाच करत बसतात, रंगीत पेनं दिली तर विचारूच नका. तिसऱ्या दिवशी एकच प्रश्न आणि त्याच्यावर सगळा तास.

तिसऱ्या दिवशीचा प्रश्न होता, ‘मीनाला पोस्टमन येणार असं वाटलं होतं का?’ बरेच जण ‘हो’ म्हणाले, कारण ती धावत गेली. तेव्हा चूक-बरोबर न सांगता मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं, ‘कुठे लिहिलंय? बोट ठेव.’ बोटं ‘धावत’वर गेली. ठीक, धावत गेली म्हणजे कुणाची तरी वाट पाहत होती, हे सगळ्यांना मान्य. मग मी विचारलं, पोस्टमनचीच वाट पाहत असती तर परत कशी आली असती? एकजण म्हणाला, ‘उड्या मारत.’ आणि कागदात? ‘सावकाश.’ मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘बाई, इथे फक्त लिहिलंय. फक्त पोस्टमन. म्हणजे तिला दुसरं कुणीतरी हवं होतं.’ मी तो शब्द झाकून वाक्य वाचायला लावलं: ‘दारात पोस्टमन होता.’ मग शब्दासकट. मुलं स्वतःच म्हणाली की आता मीना नाराज वाटते. ‘नाराज’ हा शब्द उताऱ्यात कुठेही नाही. तो त्यांनी तीन शब्दांवर बोटं ठेवून मिळवला. मीना कुणाची वाट पाहत होती यावर नंतर भरपूर वाद झाला, तिथे मात्र मी सांगितलं की हे उताऱ्यात नाही, इथून पुढे आपण अंदाज करतोय. लिहिलेलं, लिहिलेल्यावरून ओळखलेलं आणि आपल्या मनातलं, या तिन्हींतला फरक दुसरीच्या मुलाला कळतो. फक्त दर वेळी तो बोलून दाखवावा लागतो.

म्हणून उतारा निवडताना मी विषय किती चांगला आहे यापेक्षा त्यात बोट ठेवण्याजोगं काही आहे का ते पाहते. ‘च’, ‘ही’, ‘तरी’, ‘मात्र’, ‘अखेर’ असले छोटे शब्द सोन्यासारखे. ‘तोच आला’ आणि ‘तोही आला’ यांतला फरक मुलांना बोलताना बरोबर कळतो, वाचताना ते त्यावरून घसरून जातात. सर्वनामांवर तर खास लक्ष ठेवा. ‘त्याने त्याला ते दिलं’ असं वाक्य आलं की कोणी, कोणाला, काय, ते बाणांनी जोडायला लावा. निम्मे ‘कळलं नाही’ तिथेच सुटतात. पहिल्या वाचनात चित्र झाका. नाहीतर मुलं चित्र वाचून उत्तरं देतात.

मुलांना आपल्याला कळलेलं नाही हेच कळत नाही, हा सगळ्यात मोठा अडथळा आहे. एलन मार्कमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यावरच आहे. तिसरी ते सहावीच्या मुलांना उघड विसंगती असलेले छोटे मजकूर ऐकवले. एकात होतं की समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो, आणि लगेच पुढे, तिथले काही मासे आपलं खाणं रंगावरून ओळखतात. बऱ्याच मुलांना त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. मी असेच चार-पाच ओळींचे ‘बिघडलेले उतारे’ स्वतः लिहिते आणि मुलांना बिघाड शोधायला लावते. सुरुवातीला सांगून टाकायचं की यात काहीतरी बिघडलंय. महिन्याभराने न सांगता द्यायचं. ज्या दिवशी एखादं मूल न सांगता म्हणतं, ‘बाई, हे जुळत नाही,’ त्या दिवशी मी तास तिथेच थांबवून सगळ्यांना ते पाहायला लावते.

एका बाबतीत माझं मत अनेकांना पटत नाही. ‘उताऱ्याच्या बाहेरचं काहीच बोलायचं नाही’ हा नियम लहान मुलांना लावू नये. ही पद्धत विद्यापीठातून खाली आलेली आहे. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकांनी 1920च्या दशकात विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला दिल्या होत्या, म्हणजे समोरच्या शब्दांवरूनच बोलायचं. त्या विद्यार्थ्यांकडे जगाची माहिती होती, आपल्या मुलांकडे ती अजून गोळा होतेय. रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी 1988 साली दाखवलं की बेसबॉलच्या सामन्यावरचा मजकूर समजण्यात, खेळ माहीत असलेली कच्ची वाचक मुलं खेळ माहीत नसलेल्या चांगल्या वाचकांच्या पुढे जातात. त्यामुळे मधमाश्यांवरचा उतारा असेल तर आधी मधमाश्यांबद्दल बोला, खुशाल बोला. फक्त उत्तर आधी फोडू नका.

आणि जी मुलं अजून अक्षरांशीच झगडतायत त्यांना यातून वगळू नका. गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी 1986 साली मांडलेलं साधं सूत्र असं की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, त्यामुळे एक बाजू शून्य असेल तर सगळंच शून्य. पण म्हणून दुसरी बाजू थांबवून ठेवायची नसते. त्यांना उतारा वाचून दाखवा, बोट तुम्ही ठेवा, विचार त्यांना करू द्या. अक्षरांचं काम वेगळ्या वेळी चालू ठेवा. फार दिवस काहीच हलत नसेल तर मात्र घरी बोलून योग्य व्यक्तीकडून तपासून घ्या, ते आपल्या अंदाजावर सोडू नये.

जाता जाता एक लहानशी गोष्ट. प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून लिहिलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि 3 सेकंद थांबले की उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. मी मनात आकडे मोजते. पहिल्या हाताला कधीच उत्तर द्यायला देत नाही.

आता तुमच्या रोजच्या नव्या उताऱ्याचं. असं तीन दिवसांचं सखोल वाचन रोज करूच नये, मुलं कंटाळतात आणि वाचनावरच रुसतात. आठवड्याला एक छोटा उतारा पुरे, बाकी दिवस मनमुराद वाचू द्या, वाचून दाखवा. वरिष्ठांशी भांडण्यात शक्ती घालवण्याआधी तुमच्या तक्त्यात नेमकं काय लिहिलंय ते वाचा. आमच्याकडे तळटीप होती, तुमच्याकडे नसेल तर एकाच उताऱ्यावर तीन दिवस वेगवेगळं काम घेता येईल, आणि तसं आधी लेखी विचारून उत्तर जपून ठेवा. तळटीप असेलच तर रोजचा उतारा दहा मिनिटांत उरका आणि तीन दिवसांच्या वाचनासाठी दुसरा तास शोधा, मला तो गोष्टींच्या तासात सापडला. तुमच्या वर्गातला एखादा उतारा इथे टाकलात तर कुठे बोट ठेवता येईल ते मिळून पाहू.