लॅपटॉपच्या पैशांत स्टीम डेकसारखा हँडहेल्ड घ्यावा का?

तुम्ही मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहात, हॉस्टेलवर राहता, ७० हजार साठवलेत आणि लॅपटॉप अजून नाही. स्टीम डेक किंवा आरओजी अ‍ॅलाय, म्हणजे हातात धरून खेळायचा छोटा गेमिंग संगणक, घेतला तर गेम होतील आणि अभ्यासही होईल, असा तुमचा हिशोब आहे. माझ्याकडे दोन वर्षांपासून स्टीम डेक आहे आणि माझा त्याच्यावर फार जीव आहे. तरीही आधी लॅपटॉप घ्या.

डेकवर लिनक्स असतं. डेस्कटॉप मोडमध्ये ब्राउझर, कोडिंग वगैरे चालतं, पण सॉलिडवर्क्स या तुमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला विंडोज लागतं. अ‍ॅलायवर विंडोज ११ आहे, मात्र पडदा ७ इंची. त्यावर ड्रॉइंगमधली मापं वाचायची म्हणजे नाक काचेला टेकवावं लागेल. मग हे सगळं जोडायचा ठोकळा, म्हणजे डॉक घ्या, कीबोर्ड घ्या, मॉनिटर घ्या. आणि एवढं सगळं व्हायवाच्या दिवशी उचलून कॉलेजात न्या.

आता गेमचं. ही यंत्रं एवढीशी असून मोठे गेम कसे चालवतात? डेकचा पडदा १२८० बाय ८०० चा, म्हणजे साधारण १० लाख पिक्सेल. फुल एचडी लॅपटॉपवर त्याच्या दुप्पट रंगवावे लागतात. काम निम्मं, म्हणून १५ वॉटची चिपही पुरते. टीव्हीला जोडून पिक्सेल वाढवलेत की तीच चिप धापा टाकायला लागते. बॅटरीचंही तसंच. जुन्या एलसीडी डेकमध्ये ४० वॉट-अवरची बॅटरी आहे. जड गेम लावला की पडदा, पंखा सगळं धरून २०-२५ वॉट सहज जातात. भागाकार तुम्हीच करा, दीड-दोन तासच निघतात. ओएलईडी मॉडेलची बॅटरी ५० ची आहे, तिथे थोडी सवड मिळते.

मग मला तो आवडतो कशासाठी? झोपेसाठी. गेम चालू असताना वरचं बटण दाबलं की सगळं आहे तिथे थांबतं, आणि पुन्हा दाबलं की काही सेकंदांत तलवार उगारलेली तशीच समोर. घरी मूल लहान आहे. ते झोपलं की वीस मिनिटं मिळतात, कधी तीही नाहीत. एवढ्यात लॅपटॉप उघडून, अपडेटचे निरोप बाजूला सारून, गेम लोड होईपर्यंत पोरगं उठलेलं असतं. तीन वर्षं अर्धवट पडलेला एक लांबलचक गेम मी अशा तुकड्यांत संपवला. (लोकलमध्ये खेळता येईल म्हणून घेणाऱ्यांना मात्र माझा साष्टांग नमस्कार. सकाळच्या डोंबिवली फास्टला खिशातून फोन निघत नाही, तिथे साडेसहाशे ग्रॅमचं धूड काय निघणार?)

तुमच्याकडे रात्रीचे तीन-तीन तास आहेत, त्यामुळे हे सुख तुम्हाला तितकंसं जाणवणार नाही. शिवाय हॉस्टेलवर मित्र व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळत असतील, तर तो डेकच्या लिनक्सवर चालत नाही, कारण त्याची फसवणूक पकडणारी अँटी-चीट यंत्रणा विंडोजच मागते. अ‍ॅलायवर चालेल, पण पीसीवरचा व्हॅलोरंट कंट्रोलर मानत नाही. म्हणजे पुन्हा कीबोर्ड-माऊस.

खरेदीची गोष्टही ध्यानात ठेवा. अ‍ॅलाय २०२३ मध्ये भारतात रीतसर आला, तेव्हा वरच्या मॉडेलची किंमत ६९,९९० होती. स्टीम डेक आणि निन्टेन्डो स्विच हा आणखी एक हँडहेल्ड मात्र इथे मिळतात ते बहुतेक आयात केलेले. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर विचाराल तर ‘वॉरंटी आहे ना’ म्हणतील. ती कंपनीची की दुकानाची, हे पावतीवर लिहून घ्या. माझा डेक चुलतभावाने अमेरिकेहून आणला. तो माझ्याच हातून पडला आणि त्याच्या वरच्या कडेचं, ‘खांद्याचं’ म्हणतात ते, एक बटण तुटलं. इथे मोबाइल दुरुस्तीवाल्याने हात लावला नाही. शेवटी सुटा भाग मागवून, व्हिडिओ बघत मीच बसवला.

तेव्हा लॅपटॉप घ्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला, आणि सोबत एक साधा कंट्रोलर. गेम स्टीमवरच, म्हणजे डेकवाल्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानातच विकत घ्या, तेही सेलमध्ये. नोकरी लागल्यावर डेक घेतलात तर तेच गेम त्याच खात्यावर दिसतील, पुन्हा पैसे मोजावे लागणार नाहीत, आणि बऱ्याच गेममध्ये तुम्ही जिथवर खेळला होतात तिथूनच सुरू करता येईल. स्विचसाठी घेतलेले गेम मात्र स्विचपुरतेच राहतात.