टिकली, काळी पोत आणि हक्कसोडपत्र

प्रश्न : सलाम बाई. आम्ही श्रीरामपूर तालुक्यातले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मुलाने हिंदू घरातली मुलगी केली. लग्नानंतर ती स्वतःहून बायबल वाचू लागली आणि गेल्या ईस्टरला तिने बाप्तिस्मा घेतला. पण अजून टिकली लावते, गळ्यात काळी पोत घालते. शुक्रवारच्या प्रार्थनासभेतल्या बाया तिला माझ्या देखत म्हणाल्या, "हे उतरत नाही तोवर तुझं परिवर्तन खरं नाही." घरी येऊन ती रडली. दुसरीकडे माझे थोरले दीर चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, आहेत. पांढरे कपडे, काखेत बायबल, दर रविवारी सगळ्यांपुढे उभे राहून आपल्या विश्वासाची साक्ष. सासरे वारल्यावर त्यांनी नणंदेला समजावून हक्कसोडपत्रावर सही घेतली. ती आता विधवा आहे, पुण्यात एका वसतिगृहात स्वयंपाक करते. खरा पालट ओळखायचा तरी कसा?

उत्तर : सलाम ताई. तुमच्या सुनेचे आधी बोलू, कारण ते सोपे आहे.

सभेतल्या बायांनी बायबलातल्या पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय दाखवला असणार, बायकांची शोभा बाहेरच्या सोन्या-दागिन्यांची नसावी असे सांगणारा. मग तिथे सोन्याच्या आधी काय लिहिले आहे तेही त्यांनी वाचावे : केस गुंफणे. रविवारी आपल्या चर्चमध्ये निम्म्या पोरी दोन वेण्या घालून येतात, त्यांना कोणी दारात अडवत नाही. पेत्र स्त्रीची खरी शोभा अंतःकरणात शोधायला सांगतो. त्याच्या शब्दांतून दागिन्यांची झडती घेण्याचा परवाना काढणे मला पटत नाही. आणि त्या मुलीची टिकली ही तिच्या आईची आठवण आहे, की नुसती सवय, की आणखी काही, हे तिला कोणी विचारले का? उद्या तिला स्वतःला वाटले तर ती काढेल. तुम्ही काढायला लावू नका. रडवून उतरवलेल्या पोतीने कोणाचेही मन बदललेले मी पाहिलेले नाही.

आपल्याच दोन मोठ्या बायांकडे बघा. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पांढरी साडी आणि शाकाहार त्यांनी तिथेही सोडला नाही. पुढे 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी उघड लिहिले, की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. केवढी धीट बाई! लक्ष्मीबाई टिळकांचे उलटे झाले. नवऱ्याचा बाप्तिस्मा 1895 सालचा, त्यांचा 1900 चा. पण जातीचा आणि सोवळ्या-ओवळ्याचा पीळ त्यांच्या मनातून त्याआधीच सुटला होता. पाणी डोक्यावर पडण्यापूर्वीच त्या कोणाच्याही हातचे खायला-प्यायला तयार झाल्या होत्या. एकीला बाप्तिस्मा आधी आणि प्रभू नंतर, दुसरीला पालट आधी आणि बाप्तिस्मा नंतर. बाहेरून बघणाऱ्याला यातले काय कळले असते?

आता दिरांचे. इथे मला जास्त बोलायचे आहे.

लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत जकातदार जक्कय येशूला बघायला झाडावर चढला होता. तो उंबरावरून उतरला, येशूला घरी घेऊन गेला आणि उभा राहून बोलला : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत. त्याने कपडे बदलले की नाही, लूक सांगत नाही. हिशोब सांगतो. मग येशू म्हणतो, आज या घराला तारण झाले.

आमच्या मंडळीत एक शेतकरी होता. दरवर्षी नांगरट करताना शेजाऱ्याचा बांध थोडा थोडा कोरायचा. हे गावात सगळ्यांना माहीत होते, पण बोलत कोणी नव्हते. प्रभूकडे वळल्यावर त्याने साक्ष दिली नाही. एका सकाळी दोरी आणि पहार घेऊन गेला, जुन्या बाभळीच्या खुंटापासून माप धरले, बांधाचे दगड उपटले आणि आपल्या बाजूला सरकवून पुन्हा बसवले. शेजारी कमरेवर हात ठेवून बघत होता, त्याला वाटले यात काही नवा डाव आहे. दुपारपर्यंत तोही दगड उचलू लागला. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात शेजाऱ्याची सीमा सरकवणाऱ्याला शाप आहे. हे वचन त्या माणसाने आयुष्यभर ऐकले होते. त्या सकाळी ते त्याच्या हातात उतरले.

तुमचे दीर म्हणतील, "तिने राजीखुशीने सही केली." कागद कायद्याने पक्का असेलही. पण 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती बापाने मृत्युपत्र केलेले नसेल तर मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखाच असतो, हे सही घेताना तिला सांगितले होते का? जुन्या करारातल्या सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागू शकल्या, आणि देव म्हणाला, त्यांचे म्हणणे रास्त आहे. आपल्याकडे मात्र बहिणीने माहेर तुटेल या भीतीने सही करायची आणि भावाने त्याला प्रेम म्हणायचे. मला याचा फार राग येतो.

आणि ताई, एक विचारते. सातबाऱ्यावर दिरांच्या शेजारी तुमच्या यजमानांचेही नाव आहे ना? मग त्या सहीने तुमच्याही घरात जमीन आली. दिरांकडे जाण्याआधी यजमानांशी बोला. हक्कसोड झालेली असली तरी भाऊ आपल्या वाट्यातून बहिणीला नोंदणीकृत बक्षीसपत्राने जमीन देऊ शकतो. तुकडा पडण्याची अडचण असेल तर किमतीइतके पैसे देऊ शकतो. तालुक्याच्या वकिलाला विचारा. त्यानंतर यजमानांनी थोरल्या भावाकडे एकट्याने जावे, मत्तय 18 मध्ये सांगितले आहे तसे. मंडळीत आधी बोभाटा नको. पुढच्या प्रभुभोजनाच्या आत हे करा. वेदीजवळ भावाबहिणीचे गाऱ्हाणे आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला येशूने सांगितले आहे.

शुक्रवारी सुनेला तुमच्या शेजारी बसवा आणि तिलाच वचन वाचू द्या. लूक 19, पहिल्या 10 ओव्या.