बारा सागरी मैलांच्या अलीकडे-पलीकडे

बाय माझे, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एलईडीवाले रात्री दिवे लावून मासळी ओरबाडतात, आणि सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून दोन पाट्या बांगडाही मिळत नाही. आमदारांनी मनावर घेतलं तर हे उद्या थांबेल, असं तुझं म्हणणं. राग रास्त आहे. पण ज्याच्या हातात अधिकार नाही त्याच्या दारात मोर्चा नेलात, तर तो चहा पाजून परत पाठवतो आणि माणसांना वाटतं, काहीतरी झालं. म्हणून आधी विचार: हे कुणाच्या अखत्यारीतलं?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: केंद्राची, राज्याची आणि दोघांची सामाईक. मासेमारी राज्याच्या यादीत. म्हणूनच १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आपल्या विधिमंडळाने केला. पण किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर, म्हणजे साधारण २२ किलोमीटरवर, राज्याचा हात संपतो. पुढची मासेमारी केंद्राच्या यादीत, आणि तटरक्षक दलही केंद्राचं. बंदरावर उभी राहून बघ ना: दीपगृह केंद्राचं, परवाना तपासणारा मत्स्य खात्याचा माणूस राज्याचा, आणि वाटेवरचा बंद दिवा ग्रामपंचायतीचा.

एलईडीवर बंदी दोन्ही पाण्यांत आहे. केंद्राने आपल्या हद्दीत ती २०१७ सालीच घातली. तरी दिवे दिसतात, कारण गस्तीची नौका येतेय म्हटल्यावर बारा मैलांबाहेर सरकायला ट्रॉलरला कितीसा वेळ लागतो? म्हणून तुमच्या तक्रारीत तारीख, वेळ, दिशा आणि अंदाजे अंतर हवंच. ते नसेल तर हे ऑफिस त्या ऑफिसकडे बोट दाखवणार, आणि दोघेही कागदावर बरोबर असणार.

आता आमदार. कायदे करणं आणि सरकारला जाब विचारणं हे त्यांचं काम. गस्त घालणं, दंड करणं हे खात्याचं. घटनेच्या १६४ व्या कलमाने मंत्रिमंडळ सामूहिकपणे विधानसभेला जबाबदार असतं. हे वाक्य पुस्तकात कोरडं वाटतं, पण मी ते सरकारी टेबलाच्या अलीकडून बघितलंय. अधिवेशनात कुणी ‘तारांकित आलाय’, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न आलाय, म्हटलं की वर्षभर न सापडणारी फाइल संध्याकाळपर्यंत टेबलावर यायची. साहेब स्वतः आकडे पडताळायचे, शिपायापासून सगळे थांबायचे, कारण उद्या मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं असायचं. तेव्हा आमदारांकडे ‘लक्ष घाला’ असं निवेदन नेऊ नकोस. प्रश्नच लिहून ने: गेल्या हंगामात आपल्या जिल्ह्यात किती रात्री गस्त झाली, किती नौकांवर कारवाई झाली, किती दंड वसूल झाला?

दंडाचं प्रकरण पूर्वी तहसीलदारांपुढे चालायचं. त्या सागरी मासेमारी कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने ते मत्स्य खात्याच्याच अधिकाऱ्याकडे आलं. निकाल लवकर लागावा हा हेतू मान्य, पण पकडणारं आणि निवाडा करणारं खातं एकच, हे मला रुचत नाही. म्हणून वरचा दरवाजा माहीत हवा. खातं हातावर हात ठेवून बसलं, तर घटनेच्या २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयात जाता येतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी ते कोल्हापुरात बसतं. मुंबईची रात्रीची गाडी पकडायला नको. न्यायालय तुमच्यासाठी गस्त घालणार नाही. कायद्याने नेमून दिलेलं काम खात्याने केलं का, एवढंच ते विचारेल. तेवढं पुष्कळ असतं.

एक गोष्ट तुझ्या पत्रात मला खटकली. ‘बोट पेटवली की अक्कल येईल.’ नाही. ट्रॉलरवाल्यालाही धंदा करायचा मूलभूत हक्क आहे, त्यावर वाजवी बंधनं कायद्यानेच घालायची, आणि दंडाआधी त्याचं ऐकून घ्यायचं. सरकारला जी वेसण आहे तीच आपल्यालाही. ही अट तुला जाचक वाटेल. उद्या तुझ्या बाबांच्या होडीवर कुणी खोटी तक्रार केली की तीच कामी येईल.

ग्रामसभेत ठराव मांडणार आहेस, उत्तम. बाबासाहेबांचं मूळ गाव आपल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, पण खेड्याविषयी त्यांना भाबडं प्रेम नव्हतं. पंचायती आधी फक्त मार्गदर्शक तत्त्वांत होत्या; १९९३ साली त्र्याहत्तरावी दुरुस्ती लागू झाली तेव्हा त्यांना घटनेत पक्की जागा मिळाली. तुमच्या ठरावाने समुद्रावर हुकूम चालणार नाही, हे आधीच समजून घे. तरीही तो जोडलेला अर्ज ऑफिसात सहजासहजी बाजूला पडत नाही. चाकरमानी गावी नसतात, गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, होत नाही आणि सभा तहकूब होते; त्याला घाबरू नकोस, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मात्र ठराव इतिवृत्तात शब्दशः उतरलाय ना, ते तिथेच वाचून घे. नंतर ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलेलं सापडतं.

सोबत माहितीच्या अधिकाराचा अर्जही टाक. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लाव, तीस दिवस मोज. मसुदा आधी मला दाखव, आणि दोन्ही अर्जांच्या दुय्यम प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.

तुझे काका