डोहात अजून चार फुटी अहिर मिळतात, मग हा मासा धोक्यात कसा?

तुम्ही विचारलंय की गावच्या डोहात मोठमोठे अहिर (सापासारखा लांबुळका मासा, इंग्रजीत ईल) मिळत असताना रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत, त्याला 'जवळपास संकटग्रस्त' का म्हटलंय. तो चार फुटी अहिर म्हणजे म्हातारी आहे, म्हणून. एवढा वाढलेला अहिर बहुतेक मादीच असतो, आणि नदीत वर्षानुवर्षं बसून असतो. गोड्या पाण्यात ती अंडी घालत नाही. आयुष्यात एकदाच समुद्रात उतरते, अंडी घालते आणि मरते. तेव्हा ती डोहात दिसली तर एवढंच कळतं की खूप वर्षांपूर्वी एक पिल्लू वर चढून आलं होतं.

हे मी एका साहेबांना सांगून थकलो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नदीवर बंधारा व्हायचा होता आणि त्याआधीच्या मासे-पाहणीत मी होतो. एका कातकरी दादांनी रात्री लावलेल्या गरीला अहिर लागला. ओल्या गोणपाटात धरला तरी हातातून सुटत होता. अंगावर काळपट नक्षी होती, पाठीचा पर गुदद्वाराच्या बराच पुढून सुरू झालेला, म्हणजे बेंगालेन्सिस जातीचाच. बायकलर ही अहिराची दुसरी जात असती तर पर जवळजवळ गुदद्वाराच्या वरून सुरू झाला असता. साहेब खूश! म्हणाले, "लिहा, आढळला. स्थिती समाधानकारक."

मी म्हटलं, पावसाळ्यात रात्री खाडीच्या तोंडाशी बारीक जाळं लावू, आत येणारी पारदर्शक पिल्लं मोजू. त्यावर उत्तर आलं, "पावसात तिथे कोण जाणार? बजेटमध्ये नाही." अहवाल गेला, बंधारा झाला, माशांसाठी वाट काही ठेवली नाही. बोटाएवढं पिल्लू ओल्या खडबडीत भिंतीवरून चढतं, हे खरं आहे. कोरड्या उभ्या काँक्रीटवरून चढत नाही. आणि वर अडकलेली म्हातारी पुढची कित्येक वर्षं पाहणीत 'आढळत' राहणार.

स्वीडनमधल्या ब्रांटेविक गावच्या एका विहिरीत १८५९ साली सोडलेला अहिर २०१४ पर्यंत जगला असं सांगतात. दरवर्षी त्या विहिरीची पाहणी केली असती तर आमच्या साहेबांनी दरवर्षी 'समाधानकारक' लिहिलं असतं.

युरोपात हे मोजतात कसं ते बघा. तिथे नदीत येणाऱ्या पिल्लांची दरवर्षी मोजणी होते आणि ती १९६०–७९ च्या सरासरीशी ताडून पाहतात. उत्तर समुद्राच्या बाजूला आता जेमतेम एक टक्का पिल्लं येतात, बाकी युरोपात दहा टक्क्यांच्याही खाली. तो अहिर २००८ पासून 'अतिसंकटग्रस्त' आहे. मोठे मासे तिथेही मिळत होतेच, पण पिल्लांतली घसरण या मोजणीत दिसली. रेड लिस्टचा घसरणीचा निकष तीन पिढ्यांचा आहे. अहिराच्या बाबतीत तो कित्येक दशकांचा हिशोब होतो, एका हंगामाच्या पाहणीने काय कळणार?

आता तुमच्या बाजूचंही सांगायला हवं. आपल्या अहिराचा रेड लिस्टमधला शेरा तो जिथे जिथे आढळतो त्या सगळ्या पट्ट्यासाठी आहे, तुमच्या डोहापुरता नाही. पिल्लं आईच्याच नदीत परततात असंही नाही, त्यामुळे एक नदी रिकामी झाली म्हणून प्रजाती संपली असं मीही म्हणणार नाही. पण कुठल्याही अहवालात 'अहिर आढळला' वाचलंत की विचारा, किती इंचाचा? बंधाऱ्याच्या खाली की वर? वीतभर लांबीची पिल्लं बंधाऱ्याच्या वर दिसत असतील तर मी गप्प बसतो.

आणि कातकरी दादांनी गरीवर एखादा काढला म्हणून त्यांच्या मागे लागू नका. मे महिन्यात मासे मारायला डोहात ब्लीचिंग पावडर ओतणाऱ्यांच्या मागे लागा.